घर स्मार्ट करायचंय? आधी बोर्ड उघडून बघा

तुमच्या प्रश्नाचं सार असं. नाशिकला बारा वर्षं जुना टू-बीएचके, मॉड्युलर बोर्ड, दिवे-पंख्यांना इन्व्हर्टर. घरात तुम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. दिवे, पंखे आणि गीझर मोबाइलवर हवेत. रात्री आई बाथरूमला उठल्या की पॅसेजमधला दिवा आपोआप लागायला हवा. खर्चाची तयारी पंधरा-वीस हजारांची. आणि स्मार्ट बल्ब घ्यावेत, स्मार्ट स्विच घ्यावेत की सगळे बोर्डच बदलावेत, इथे गाडी अडलीय.

वायरिंगच्या कामात मला वीस वर्षं झाली, त्यातली शेवटची आठेक वर्षं या स्मार्ट प्रकरणात. एवढ्या घरांत फिरल्यावर एकच कसोटी उरलीय. घरातल्या ज्या माणसाला मोबाइलशी काही देणंघेणं नाही, त्याने भिंतीवरचं नेहमीचं बटण दाबलं की नेहमीचा दिवा लागला पाहिजे. वायफाय असो, नसो. तुमच्या घरात ही कसोटी म्हणजे आई. त्यांना एक शब्दही शिकवावा लागला, तर काम बिघडलं समजा.

या एका कसोटीवर तुमचा अर्धा प्रश्न निकालात निघतो. स्मार्ट बल्ब खोलीच्या मुख्य दिव्यासाठी घेऊ नका. त्याची बुद्धी बल्बच्या आत असते, त्यामुळे भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. कोणी सवयीने बटण बंद केलं की बल्ब मेला, मग मोबाइलवर 'ऑफलाइन' एवढंच दिसतं. मी पहिल्यांदा माझ्याच घरी हॉलमध्ये असे चार बल्ब लावले होते. तीन दिवसांत बायकोने बटणांवर चिकटपट्टी लावली, आठवड्याने पाहुण्यांच्या पोराने ती काढली, आणि महिन्याभरात बल्ब माळ्यावर गेले. टेबललॅम्प, टीव्हीमागची पट्टी, मुलीच्या खोलीतला रंग बदलणारा दिवा यासाठी स्मार्ट बल्ब छान. छतावरच्या दिव्यासाठी नाही.

सगळे बोर्ड बदलून काचेचे टच पॅनेल लावायचा मोहही आवरा. दिसतात देखणे, पण अंधारात हाताला बटण लागत नाही, ओल्या हाताने नीट चालत नाहीत, आणि एक बिघडलं की त्या पॅनेलवरचे चारही दिवे बंद. तीन वर्षांनी तेच मॉडेल बाजारात मिळेल याची खात्री नाही. साधं मॉड्युलर बटण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

तुम्हाला हवं आहे ते बटणामागे बसणारं रिले मॉड्यूल, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारं छोटं स्विच. काडेपेटीएवढी डबी असते. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी) तिला जातात, दिव्याची वायर तिच्यातून निघते, आणि जुनं बटण दोन बारीक वायरींनी तिला जोडलं जातं. बटण दाबलं तरी दिवा लागतो, मोबाइलवरूनही लागतो. डबीतलं वायफाय बंद पडलं तरी बटण चालत राहतं, कारण तो निर्णय डबीतच होतो. डबी जळाली तर वायरमन दहा मिनिटांत ती काढून वायर पूर्ववत जोडतो. उलटा फिरता येणारा रस्ता मला नेहमी बरा वाटतो.

आता बोर्डाच्या आत काय असतं ते बघू, कारण खरी मेख तिथेच आहे. या डबीला स्वतःला जिवंत राहायला न्यूट्रल लागतो. परदेशातले व्हिडिओ बघून लोक घाबरतात, कारण तिकडे बऱ्याच घरांत बटणाच्या खोबणीत न्यूट्रलच नसतो. आपल्याकडे गंमत अशी की एकाच बोर्डावर चार बटणं, पंख्याचा रेग्युलेटर आणि एक सॉकेट असतो. सॉकेट आहे म्हणजे न्यूट्रल आहेच. अडचण येते ती नुसती बटणं असलेल्या छोट्या बोर्डांत. पलंगाशेजारचा टू-वे (एकच दिवा दोन जागांहून चालवणारं बटण), पॅसेजच्या टोकाचं एकटं बटण, बाथरूमबाहेरची दोन बटणं. तुमच्या पॅसेजच्या बोर्डात न्यूट्रल नसण्याची शक्यता बरीच आहे.

जुन्या घरांत लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, असा संकेत असतो. समोरून पाहिलं तर सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. पण संकेतावर विसंबू नका. ज्या दिवशी वायरमनकडची काळी वायर संपली, त्या दिवशी त्याने जी हाताला लागली ती ओढली, असं मी कितीतरी बोर्डांत पाहिलंय. साध्या टेस्टरने फेज कळतो, न्यूट्रल कळत नाही. मल्टिमीटर लावला तर फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाखवतो, पण फेज-अर्थिंगमध्येही तितकेच दाखवतो. इथे नवशिके फसतात आणि हिरव्या वायरीवर मॉड्यूल चालवतात. चालतंही ते. पण घरात आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारं स्विच) असेल तर तो उडण्याची शक्यता असते, आणि नसेल तर अर्थिंग कुठे तुटलेलं असताना फ्रिजच्या पत्र्यापासून नळापर्यंत करंट येऊ शकतो. अर्थिंगला हात लावायचा नाही, विषय संपला.

दुसरी चूक त्याहून छुपी आहे. पॅसेजच्या बोर्डात न्यूट्रल नाही म्हणून शेजारच्या खोलीच्या बोर्डातून ओढायचा. तुमचे दिवे-पंखे इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत आणि तो सॉकेट थेट मेनवर असेल, तर फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा होतो. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट मोजत बसलेला असतो, त्याला फरक दिसला की तो उडतो. वायरमन दोन दिवस गळती शोधत राहतो, आणि गळती कुठेच नसते. न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा, म्हणून ही वायर ओढायला डीबीची, म्हणजे घरातल्या मुख्य फ्यूज-स्विचांच्या पेटीची, मांडणी कळणारा माणूस बोलवा.

न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलंही मिळतात. ती दिव्यातून थोडा करंट सतत झिरपवून स्वतः जगतात. जुन्या साठ वॉटच्या पिवळ्या बल्बला ते कळायचंही नाही. नऊ वॉटचा एलईडी मात्र बंद असतानाही रात्री मंद मिणमिणतो किंवा दर दोन सेकंदांनी डोळा मिचकावतो. दिव्याच्या समांतर लावायचा एक छोटा कपॅसिटर सोबत येतो, त्याने बहुतेक वेळा थांबतं. बहुतेक वेळाच. शक्य तिथे न्यूट्रल ओढून घ्या.

टू-वे बटणांचं एक सांगायला हवं. मॉड्यूल बसल्यावर दिवा मोबाइलवरूनही बदलतो, त्यामुळे बटण वर की खाली याचा दिवा चालू की बंद याच्याशी संबंध तुटतो. मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये 'बटणाची स्थिती बदलली की दिवा बदल' हा पर्याय निवडायचा. तरीही वयस्कर मंडळींना खटकतं: बटण तर बंद दिसतंय, मग दिवा कसा चालू? यावर माझा उपाय स्वस्त आहे. ते बटण काढून त्याच जागी बेलचं बटण बसवायचं आणि मॉड्यूलची सेटिंगही बेलच्या बटणाची करायची. त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं मिळतं. दाबा, सोडा, दिवा बदलला. वर-खाली ही भानगडच उरत नाही.

आईंच्या रात्रीच्या दिव्याला मोबाइल, वायफाय, मॉड्यूल यातलं काहीही लागत नाही. सॉकेटमध्ये बसणारा किंवा भिंतीला चिकटणारा, हालचाल ओळखणारा छोटा नाईट लॅम्प काही शे रुपयांत मिळतो. असे दोन घ्या. एक पलंगापाशी, एक बाथरूमच्या दारापाशी, गुडघ्याच्या उंचीवर. झोपेतून उठलेल्या माणसाच्या डोळ्यांवर छतावरची वीस वॉटची ट्यूब पडली की थोडा वेळ त्याला नीट दिसत नाही, तेवढ्यातच ठेच लागते. जमिनीवर पडणारा मंद पिवळा उजेड जास्त कामाचा. फक्त तो सॉकेट इन्व्हर्टरवर आहे का ते तपासा, नसेल तर चार्जिंगवर चालणारा घ्या. बाकी सगळं पुढच्या वर्षी केलंत तरी चालेल, हे उद्या करा.

हे दिवे पीआयआर सेन्सरवर चालतात, म्हणजे अंगाची उष्णता हललेली त्यांना कळते. त्यामुळे माणूस स्थिर बसला की त्यांच्या लेखी खोली रिकामी. बाथरूममध्ये दिवा पाच मिनिटांनी विझतो आणि आतला माणूस हात हलवत बसतो, तो हाच प्रकार. मे महिन्याच्या दुपारी खोलीचं आणि अंगाचं तापमान जवळ आलं की सेन्सर आंधळाच होतो. रडारवाला सेन्सर स्थिर माणसाचा श्वासही ओळखतो, पण त्याला फिरता पंखा आणि हलणारा पडदाही माणूस वाटतो, आणि पातळ प्लायच्या दरवाजापलीकडचंही दिसतं. आपल्या घरात पंखा कुठे नसतो? पॅसेज आणि जिन्यात पीआयआर, अभ्यासाच्या खोलीत रडार आणि तोही पंख्याकडे पाठ करून, असं मी करतो.

दुसरी पायरी स्मार्ट प्लगची, कारण त्यात स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. एकच घ्या आणि त्यावर डासांचं लिक्विडचं मशीन लावा. सूर्यास्ताला चालू, चार तासांनी बंद. हसू नका, घरात रोज विसरली जाणारी हीच गोष्ट आहे. वेळ घड्याळाची न देता सूर्यास्ताची द्या, कारण नाशिकला नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. सात वाजताचं वेळापत्रक लावलंत तर हिवाळ्यात तासभर डास आत येऊन बसलेले असतील. या एका प्लगवर महिनाभर काढा. तुमचं वायफाय कसं आहे, कंपनीचं ॲप किती त्रास देतं, घरातले कुरकुरतात का, सगळं कळेल, आणि गेले तर सात-आठशे रुपये जातील.

प्लग जोडताना पहिला अडथळा हमखास येतो. ही उपकरणं बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. नव्या राउटरमध्ये २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने दिलेले असतात आणि मोबाइल ५ वर बसलेला असतो, त्यामुळे जोडणी फसते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या. उपकरणांसाठीचं नाव आणि पासवर्ड एकदा ठरवला की जन्मभर बदलू नका. इंटरनेट कंपनी बदलली तरी नव्या राउटरला तेच नाव, तोच पासवर्ड द्यायचा, म्हणजे सगळी उपकरणं गुपचूप परत जोडली जातात. नाही तर बोर्डाबोर्डाशी स्टुलावर चढून पुन्हा जोडत बसा. आणि हो, राउटर आणि त्याच्याआधीची फायबरची डबी दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. लाईट गेल्यावर दिवे चालू आणि वायफाय बंद, हे घराघरांत दिसतं.

इंटरनेट कंपनीने फुकट दिलेला राउटर पंधरा-वीस उपकरणांनंतर धापा टाकतो. पुढे संख्या वाढणार असेल तर झिगबी हा पर्याय लक्षात ठेवा. त्यात उपकरणं वायफायवर येत नाहीत, वेगळ्या जाळ्यात एका हबशी (मधल्या मुख्य डबीशी) बोलतात, आणि विजेवर चालणारं प्रत्येक मॉड्यूल पुढच्याला निरोप पोचवतं. बटणसेलवर चालणारे सेन्सर त्यात वर्षभर सहज टिकतात. २०२२ साली आलेलं मॅटर हे मानक वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून आहे. खोक्यावर त्याची खूण असेल तर चांगलंच, पण त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. तुमची उपकरणं आठ-दहा होतील, तेवढ्याला वायफाय पुरतं.

बाकीच्या खरेदीआधी एक चाचणी मात्र कराच. प्लग जोडून झाल्यावर राउटर चालू ठेवून फायबरची वायर काढा. वेळापत्रक चालतं का? ॲपमधून दिवा लागतो का? काही उपकरणांत वेळापत्रक डबीतच साठतं, काहींमध्ये ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं. सर्व्हर बंद झाला की काय होतं त्याची उदाहरणं आहेत. रिव्हॉल्व्ह नावाचा हब २०१६ मध्ये कंपनीने बंदच करून टाकला आणि लोकांच्या घरात निव्वळ प्लास्टिकचा डबा उरला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर एके दिवशी न सांगता बंद पडले. तिथेही ज्यांची भिंतीवरची बटणं स्वतंत्रपणे चालत होती, त्यांच्या घरात निदान उजेड तरी राहिला. पुढे कधी गोडी लागलीच तर होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर टाका. २०१३ पासून चालू आहे, आणि सगळा कारभार घरातल्या घरात होतो. पण ते पहिल्या वर्षाचं काम नाही. त्यात शनिवार-रविवार गडप होतात, स्वानुभव आहे.

आता गीझर. इथे घाई नको, कारण या साऱ्या प्रकारात आग लागू शकते अशी जागा हीच. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर खेचतो, तीन किलोवॉटचा तेरा. बाजारातला स्वस्त स्मार्ट प्लग दहा अँपिअरचा. कागदावर पावणेनऊ म्हणजे दहाच्या आत. पण गीझरची जाड पिन त्यात बसत नाही, म्हणून लोक मध्ये कन्व्हर्टर लावतात. कन्व्हर्टरची पकड सैल असते, सैल पकड तापते, तापलं की आणखी सैल होते. असा वितळलेला प्लग मी एका घरातून काढलाय, भिंतीवर हातभर काळा डाग होता. त्या दिवशी घरात माणसं होती म्हणून वास आला.

सोळा अँपिअरचा चांगला प्लग दोन किलोवॉटच्या गीझरला चालतो, सॉकेट घट्ट असेल तर. माझी पसंती मात्र वेगळी आहे. डीबीमध्ये गीझरच्या एमसीबीशेजारी (जास्त करंट गेला की पडणारं स्विच) वीस किंवा पंचवीस अँपिअरचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंटसाठीचा मोठा रिले, बसवायचा आणि स्मार्ट मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल चालवायची. जड करंट कॉन्टॅक्टर सांभाळतो, मॉड्यूलवरून जेमतेम मिलिअँपिअर जातात, आणि बंद झाल्यावर फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात. सगळं मिळून अडीच-तीन हजारांत होतं. बाथरूमबाहेरचं जुनं बटण जागच्या जागी राहू द्या. मोबाइल बिनसला तर कॉन्टॅक्टरला हाताने चालवायची कळ असलेलं मॉडेल घ्या.

वेळ किती लावायची याचं गणित सोपं आहे. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचावन्नवर न्यायला दोन किलोवॉटला साधारण सोळा मिनिटं लागतात. म्हणून 'चालू झाल्यावर अर्ध्या तासाने आपोआप बंद' एवढाच नियम पुरतो. सकाळी साडेपाचचं वेळापत्रक लावा, पण हा अर्ध्या तासाचा नियम बटणाने चालू केलं तरी लागू होईल असं बघा.

यातून बिल फार कमी होईल असं समजू नका. विसरलेला गीझर थर्मोस्टॅट बंद करतोच, मग वाया जाते ती टाकीतून झिरपणारी उष्णता. फायदा मुख्यतः सुरक्षिततेचा: थर्मोस्टॅट अडकला तरी अर्ध्या तासाने पुरवठा तुटतो. दिव्यांचं तर उलटंच आहे. एक वायफाय मॉड्यूल जागं राहायला साधारण एक वॉट खातं, म्हणजे दिवसाला चोवीस वॉट-तास. तेवढ्यात नऊ वॉटचा एलईडी दोन तास चाळीस मिनिटं चालतो. दिवा रोज त्याहून जास्त विसरला जात असेल तरच बचत. घरात अशी दहा मॉड्यूलं लावली तर महिन्याला सात युनिट त्यांचीच.

बिल कमी करायचं असेल तर पैसे पंख्यात घाला. जुना पंखा पंचाहत्तर वॉटच्या आसपास खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारचा) पंखा पूर्ण वेगावर तीसेक. बारा तास चालला तर रोज अर्धा युनिट वाचतो, महिन्याला सोळा. आणि त्याला रिमोट येतोच, काहींना वायफायही. म्हणजे जुन्या पंख्याला स्मार्ट रेग्युलेटर लावण्यापेक्षा पंखाच बदललेला बरा. एक मात्र ध्यानात ठेवा: बीएलडीसी पंख्याच्या लाइनवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडायचा. रेग्युलेटर तसाच ठेवला तर पंखा थांबत-चालत राहतो, आणि शेवटी त्याचं सर्किट जातं. मग लोक पंख्याच्या कंपनीला शिव्या देतात. जुनाच पंखा ठेवायचा असेल तर कपॅसिटरवर वेग बदलणारं फॅन मॉड्यूल घ्या. दिव्यासाठीचं डिमर मॉड्यूल पंख्याला लावलं तर तो रात्रभर गुणगुणतो. तुमचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्ह असेल तर लाईट गेल्यावर गुणगुण आणखी वाढेल, त्याला इलाज साइन वेव्ह इन्व्हर्टर, दुसरा नाही.

एसी असेल तर त्याचा पुरवठा प्लगने तोडायचा नाही. कॉम्प्रेसर चालू असताना वीज तोडणं त्याला मानवत नाही. रिमोटची नक्कल करणारी छोटी इन्फ्रारेड डबी हजार-दीड हजारांत येते, ती एसी, टीव्ही आणि रिमोटवाला पंखा सगळ्यांना पुरते. ती खोलीत समोर दिसेल अशी ठेवायची, कपाटात नाही. पाण्याच्या मोटारीलाही प्लग नको. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट घेते, त्याने रिलेचे पॉइंट चिकटतात आणि ॲपमध्ये 'बंद' दिसत असताना मोटार चालूच राहते. तिला कॉन्टॅक्टर किंवा स्टार्टर लागतो.

इस्त्री, पाण्याचा हीटर रॉड, टोस्टर यांना दुरून चालू करायची सोयच ठेवू नका. गरम होणारी वस्तू माणूस समोर असतानाच चालू व्हावी. दुरून बंद करता आली तर हरकत नाही.

मॉड्यूल बसवून झालं की सेटिंगमध्ये एक ओळ शोधा: वीज परत आल्यावर काय करायचं. कारखान्यातून काही उपकरणं 'चालू' अशी येतात. एका पावसाळी रात्री तीन वाजता लाईट आली आणि आमच्या घरातले सगळे स्मार्ट दिवे एकदम पांढरेफटक पेटले. सासूबाईंना वाटलं चोर आले. दिव्यांना 'आधी होतं तसं' आणि गीझरला 'बंदच' ही निवड करा. गीझरच्या बाबतीत तर हे विसरूच नका.

काम करणाऱ्या वायरमनला तीन गोष्टी आधी सांगा. बोर्डामागचा मेटल बॉक्स उथळ असेल तर एका बोर्डात दोनपेक्षा जास्त डब्या कोंबायच्या नाहीत, त्या तापतात आणि मागची वायर दबते. बारीक तारांच्या वायरीच्या टोकाला लग (धातूचं टोक) दाबूनच ती स्क्रूमध्ये घालायची, नुसती पिळून नाही. आणि डीबीत सर्ज प्रोटेक्शन बसवायचं. आपल्याकडे वादळात किंवा ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल तुटला की व्होल्टेज वाट्टेल तिथे जातं. पंखे-ट्यूबा कधी कधी सहन करतात, या नाजूक डब्या आधी जातात. सर्ज प्रोटेक्शन क्षणिक झटका झेलतं. तुटलेल्या न्यूट्रलचं वाढलेलं व्होल्टेज बराच वेळ टिकतं, त्यासाठी जास्त व्होल्टेजला तोडणारं वेगळं प्रोटेक्टर लागतं, जमलं तर तेही घ्या. शिवाय बॉक्समधली पाइपांची मोकळी तोंडं बुजवायला सांगा. मुंग्या आणि पाली उबेला येऊन बसतात. मी उघडलेल्या मेलेल्या मॉड्यूलांत पालीने मारलेली बरीच निघालीत.

बोलून दिवे लावणाऱ्या स्पीकरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी विचारेलच. अलेक्साला २०१९ पासून हिंदी कळतं. मराठीच्या बाबतीत उपकरणाला नाव काय देता याला महत्त्व आहे. 'हॉल', 'किचन', 'आजीची खोली' अशी एकमेकांशी न जुळणारी नावं द्या. आमच्याकडे 'ट्यूब' हे नाव दिलं होतं, तर दिव्याऐवजी गाण्यांच्या सूचना यायच्या. आणि स्पीकर असो की कॅमेरा, आयता आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने लाखभराहून जास्त कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते नुसते कारखान्यातले पासवर्ड टाकून. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असेल तर उपकरणं त्यावर टाका. फक्त काही राउटर त्या नेटवर्कवरून उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, तेवढं जोडताना बघा.

पंधरा हजारांत माझी मांडणी अशी असेल. आईंचे दोन नाईट लॅम्प. एक स्मार्ट प्लग. हॉल आणि पॅसेजच्या दिव्यांना एकेक मॉड्यूल. गीझरचा कॉन्टॅक्टर. बेडरूमला एक बीएलडीसी पंखा. उरलेले पैसे वायरमनची मजुरी आणि सर्ज प्रोटेक्शनला. एका दिवशी सगळं बसवू नका, महिन्याला एक करा, म्हणजे काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळेल. काढलेली बटणं, रेग्युलेटर, स्क्रू एका पिशवीत घालून डीबीशेजारी ठेवा. उघडलेल्या प्रत्येक बोर्डाचा जोडणीआधीचा फोटो प्रिंट काढून डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवा. तुम्ही गावाला असाल आणि तिसराच वायरमन येईल, तेव्हा त्याला तो फोटो लागेल.

या रविवारी मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा. इन्व्हर्टर लोक विसरतात, म्हणून टेस्टरने पुन्हा तपासा. मग पॅसेजच्या बोर्डाची प्लेट काढा. कशाला हात लावू नका, फक्त किती वायरी आहेत आणि त्यांचे रंग कोणते ते बघून फोटो काढा. काळी जोडवायर दिसली आणि ती न्यूट्रलच आहे असं वायरमनने मीटर लावून सांगितलं, तर सुरुवात तिथूनच करू. दोनच वायरी निघाल्या तर प्लेट परत लावा आणि हॉलचा सॉकेटवाला बोर्ड उघडा.